दुर्बिणीत मात्र ते दोघंच होते

एका लेखात म्हटलंय की 21 डिसेंबर 2020 च्या संध्याकाळी गुरू आणि शनी 'एकच तारा' झाले. नाही हो! आमच्या परसातून नुसत्या डोळ्यांनीही दोन ठिपके वेगळे दिसत होते. फक्त चष्मा पुसून घ्यावा लागला. अंतर होतं सुमारे 6 कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), म्हणजे पूर्णचंद्राच्या रुंदीचा जेमतेम पाचवा भाग.

माझी सहा इंची डॉब्सोनियन, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण. आधी 25 मिमीची नेत्रिका (डोळा लावायचं भिंग) लावली, मग 10 मिमीची. जवळजवळ 120 पट वर्धनातही दोघं एकाच चौकटीत मावले! इकडे गुरूचे पट्टे आणि चंद्रांची ओळ, तिकडे शनीची कडी. एरवी एकाकडून दुसऱ्याकडे जायला नळी फिरवावी लागते. आईने डोळा लावला आणि म्हणाली, "हे उलटं का दिसतंय रे?" आरशाची दुर्बीण, उलटंच दाखवणार.

क्षितिजाजवळची हवा मात्र फार थरथरत होती. काळोखाची वाट बघत बसलेल्यांची पंचाईतच झाली, कारण आठच्या सुमारास दोघंही मावळतीला लागले. संधिप्रकाशातच बघायला हवं होतं.

आणि 'जवळ आले' हेही आपल्या नजरेपुरतंच. गुरू तेव्हा आपल्यापासून सुमारे 89 कोटी किलोमीटरवर होता, शनी 162 कोटींवर. पुढची युती, म्हणजे दोघांचं असं जवळ दिसणं, 2040 मध्ये आहे, पण इतकी जवळची थेट मार्च 2080 मध्ये. ती नातवंडं बघतील. दुर्बीण तोवर गंजली नाही म्हणजे मिळवली.