अलेको 'असं बोलला' याचा पुरावा मागणाऱ्यांना

महोदय,

बल्गेरियन लेखक अलेको कॉन्स्तांतिनोवशी मी रंगवलेल्या काल्पनिक गप्पांवर तुम्ही लिहिलंत: "मेलेल्या माणसाच्या तोंडी आपली वाक्यं घालायची आणि वर अभ्यासक म्हणून मिरवायचं! तो असं बोलला याला पुरावा काय? त्याच्या खुनाचा तर उल्लेखही नाही. शिवाय लेख लांबलचक." मतभेदाला ना नाही, पण 'मिरवायचं' कशाला? बल्गेरियन मी मुळातून वाचतो, भाषांतरावर विसंबत नाही. आणि 'काल्पनिक' हा शब्द शीर्षकातच होता. तेवढं तरी वाचायचंत.

एक मान्य. गप्पा ज्या दिवशी घडतात त्या 27 ऑगस्ट 1895 या तारखेपुढे 'जुनी दिनदर्शिका' असा शेरा हवा होता; नव्या गणनेने तो 8 सप्टेंबर. बल्गेरियाने नवी दिनदर्शिका 1916 मध्ये स्वीकारली.

आता तुमचा पुरावा. अशा गप्पांत 'तो बोलला का' हा प्रश्नच नसतो. 'त्या दिवशी तो असं बोलू शकला असता का' हा असतो. म्हणून आधी दिवस पक्का करायचा. मी सोफियाजवळच्या वितोशा डोंगरावरचं 2290 मीटरचं चेर्नी व्रह शिखर घेतलं, कारण अलेकोच्याच आवाहनावरून त्या दिवशी तिथे सुमारे तीनशे माणसं चढली. मग त्या तारखेपर्यंत त्याने काय पाहिलं ते मांडायचं: 1889 चं पॅरिस, 1891 चं प्राग आणि 1893 चं शिकागो, तिन्ही प्रदर्शनं. त्याचं 'बाय गान्यो', म्हणजे गान्यो नावाच्या अत्तरविक्याचे किस्से, 1895 मध्येच पुस्तकरूपाने आलेलं. त्यापुढचं सगळं खोडायचं.

खून का नाही, हे आता तरी लक्षात यावं. गोळी लागली 11 मे 1897 ला, म्हणजे या चढाईनंतर पावणेदोन वर्षांनी. त्याचं हृदय स्विश्तोवच्या संग्रहालयात ठेवलंय, हे मला ठाऊक आहे. अलेकोला कसं असणार? ही गफलत फार जण करतात: लेखकाला स्वतःच्या मरणाची चाहूल लागल्यासारखा बोलायला लावतात, आणि तो माणूस न राहता पुतळा होतो.

दुसरी गफलत भाषणाची. 'बाय गान्यो'त मित्र जमतात आणि एकेक जण किस्सा सांगतो. अलेको स्वतः निकाल देत बसत नाही. म्हणून 'गान्यो म्हणजे सगळे बल्गेरियन का?' असं मी विचारलं, तेव्हा माझा अलेको सिद्धांत मांडत नाही. गुलाबाच्या अत्तराच्या कुप्या कुणी चोरेल या धास्तीने त्या कमरेला बांधून फिरणाऱ्या गान्योची गोष्ट सुरू करतो आणि मध्येच पाण्याची बाटली मागतो. बाटली माझ्या कल्पनेतली, कुप्या त्याच्या पुस्तकातल्या. माझा प्रश्न एका ओळीपेक्षा लांबला की कापतो, नाहीतर पाहुणा गप्प आणि यजमानच बडबडतोय असं होतं. पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं उचलत नाही. ते ठिगळासारखं दिसतं. स्वतःवर हसणं मात्र ठेवतो, कारण खिसा रिकामा असताना 'सुखी माणूस' अशी सही करणारा हा गृहस्थ. हे तुम्हाला पोरकट वाटलं असेल तर माझा इलाज नाही.

लांबीचं म्हणाल, तर सक्ती कुणी केली होती? पुढच्या भागात 1893 चा शिकागोचा अलेको आहे. तेव्हा 'बाय गान्यो' छापून आलेलं नव्हतं. त्याबद्दल तो बोलणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.