चांगलं वागायचंय? आधी दोषी ठरा!

जेलात नीट वागलं की शिक्षा कमी होते, हे तुमच्या कानावर आलं असेलच. खरं आहे ते. बराकीत भांडण नको, नेमून दिलेलं काम चोख, गिनतीला वेळेवर हजर. एवढं केलं की महिन्याकाठी काही दिवस माफीचे म्हणून तुमच्या नावावर पडतात. वर्षभर कागदावर एकही ठपका नसेल तर वर आणखी बक्षिसी. हर्सूलला जा नाहीतर येरवड्याला, रीत हीच.

अट एकच. तुम्ही गुन्हेगार असायला पाहिजे, आणि तसं कोर्टानं लिहून दिलेलं पाहिजे.

म्हणून पहिला सल्ला: निर्दोष राहायच्या फंदात पडू नका. ज्याचा निकाल लागलेला नाही, तो कच्चा कैदी. तो कितीही गुणी असो, गिनतीला सगळ्यांच्या आधी उकिडवा बसो, घोंगडीची घडी इस्त्री केल्यासारखी घालो, त्याच्या चांगुलपणाची नोंद ठेवायला रकानाच नाही. शिक्षाच झालेली नाही, तर कमी काय करायचं? तर्क बिनतोड आहे. देशातल्या जेलांमध्ये दर चार कैद्यांतले साधारण तीन असे कच्चेच आहेत. म्हणजे सद्‌वर्तनाचा केवढा साठा रोज फुकट जातोय बघा.

समजा, तुम्ही धारूर-वडवणीकडचे ऊसतोड कामगार. मुकादमाची उचल घेतली, ऐन हंगामात बायको आजारी पडली, फडात जाणं जमलं नाही. मुकादमानं फसवणुकीची फिर्याद ठोकली, तुम्ही आत. जामीन होतो हो, कोर्ट काही वैरी नाही. पण जामीनदार आणा म्हणतात, सातबारावाला. ज्याच्या नावावर दीड एकर आहे तो मामेभाऊ दिवाळीलाच कोयता घेऊन कर्नाटकात गेलेला. कारखान्याचा पट्टा पडल्यावर येईल. तोवर तारखा आहेतच. एका तारखेला गार्ड मिळत नाही म्हणून तुम्हाला नेतच नाहीत. पुढच्या तारखेला व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओवर, उभं करतात, पडद्यावर साहेबांचे ओठ हलतात, आवाज येत नाही, शेजारचा शिपाई सांगतो, "झालं, पुढची तारीख." अशा वेळी चिडू नका. "बरं साहेब" म्हणा. उपयोग शून्य, पण सवय चांगली.

कायदा तसा मायाळू आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४७९ आहे. याआधी कधीही दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्यानं कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ काढला, की त्याला बंधपत्रावर सोडायचं. फसवणुकीच्या मोठ्या कलमाला कमाल सात वर्षं. म्हणजे फक्त २८ महिने, दोन हंगाम आणि वर थोडे. कोर्टाकडे अर्ज जेल अधीक्षकांनी करायचा असतो, तेव्हा त्यांना तुमची आठवण राहील असं वागा. मात्र तुमच्यावर एकाहून जास्त केसेस असतील तर हे कलम विसरा. मुकादमाशी भांडायचंच असेल तर एकाच ठाण्यात, एकाच कागदावर भागवा. बीडमध्ये एक आणि सांगलीत एक अशी चैन परवडणार नाही.

याउलट रीतसर दोषी ठरलात, वर्षानुवर्षं नीट वागलात, तर पैठणचं खुलं कारागृह आहे. तिथं शेती करायला मिळते. जायकवाडी उशाला, बी-बियाण्याची चिंता सरकारला, भाव पडला तरी तुमची मजुरी ठरलेली, आणि सावकार भेटायला आला तर त्याला मुलाकतीचे नियम. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला बाहेर राहून यातलं काय मिळतं, सांगा बरं? पण घाईनं अर्ज करू नका, निवड सिद्धदोषांतूनच होते.

सणावाराची माफीही असते. स्वातंत्र्याच्या अमृत महोत्सवात, २०२२-२३ साली, काही गुन्हे वगळून, निम्मी शिक्षा भोगलेल्या साठीपुढच्या पुरुषांना सोडायचं ठरलं होतं. कच्च्या म्हाताऱ्यांनी त्या दिवशी झेंड्याला सलाम करायला कुणाची हरकत नव्हती.

तेव्हा शहाणे असाल तर जास्त दिवस ताणू नका. वकिलाला सांगा, गुन्हा कबूल करतो. त्याच संहितेच्या कलम ४६८ प्रमाणे आत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात. बऱ्याचदा "भोगली तेवढी पुरे" म्हणून तिथल्या तिथं मोकळं करतात. हट्टानं खटला चालवलात आणि चार वर्षांनी निर्दोष सुटलात, तर वजा करायला शिक्षाच उरत नाही, मग ते दिवस कशातून वजा करणार? गेटवरच्या बाबूला हे विचारत बसू नका. त्याच्याकडे तसला फॉर्म नाही, आणि मागं सुटणाऱ्यांची लाईन असते.