तीन सभासद मार्चअखेर मरणार

आमची पार्ल्यातली सोसायटी पुनर्विकासाला निघाली आहे. तशी ती बरीच वर्षं निघालेलीच आहे; विमानतळाच्या फनेलमुळे, म्हणजे विमानांच्या वाटेखालच्या उंचीच्या बंधनामुळे, किती मजले चढवता येतील, यावर घोडं अडलं होतं. आता ते पुढे सरकलंय, तर वकिलांना जुन्या सभांची इतिवृत्तं टाईप करून हवीत. ती सगळी नानांच्या अक्षरात. नाना म्हणजे आमचे जवळजवळ तहहयात सेक्रेटरी. "तू कॉम्प्युटरवाला ना?" असं म्हणत कमिटीनं वह्यांचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. मी बँकेत आहे. पण एकदा कमिटीच्या चेअरमनांचा वायफाय चालू करून दिला होता, आणि पार्ल्यात एवढं पुरतं.

हस्ताक्षर वाचणारं सॉफ्टवेअर मिळालं. मोबाईलवर बोटानं लिहिलेलं ते झकास ओळखतं, कारण रेघ कुठून निघाली, कुठे वळली, बोट कधी उचललं, हे सगळं त्याला समोर घडताना दिसतं. कागदावर मात्र नुसतं वाळलेलं चित्र उरतं. त्यात नानांचे वडील मोडी लिहिणारे. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरं टांगायची. नाना बाळबोध, म्हणजे आपली देवनागरीही त्याच थाटात लिहीत. शब्द कुठे संपला, हे त्यांच्या रेघेला मान्यच नव्हतं. वर वहीच्या छापील निळ्या रेघा आणि कित्येक पावसाळ्यांची ओल. सॉफ्टवेअरनं पहिलं अख्खं पान एकच शब्द म्हणून वाचलं.

मग स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून चांगलं बारकाईनं, ३०० डीपीआयवर स्कॅन करून आणलं. निळ्या रेघा पुसल्या. आता शब्द सुटे झाले आणि खरा धोका सुरू झाला. 'सभेत वाद झाला' चं 'सभेत बाद झाला' झालं. 'गच्चीला गळती' ची 'गच्चीला गलती' झाली. भाषा हिंदीवर राहिली होती, ती मराठीवर आणल्यावर ळ परत आला. पण भ आणि म यांचं काही जमेना. थकबाकीच्या पानावर स्वच्छ टाईप झालं : 'तीन सभासद मार्चअखेर मरणार. सर्वानुमते मंजूर.'

माणसाला अक्षर लागलं नाही की तो 'लागत नाही' म्हणतो, चष्मा पुसतो, शेजारच्याला विचारतो. हा गृहस्थ कधीही अडत नाही. अक्षर अंधुक असलं की भाषेत कुठला शब्द जास्त वेळा येतो ते बघतो आणि ठोकून देतो. आमच्या वार्षिक सभेत शोभला असता.

आकड्यांची तऱ्हा निराळी. आकडे ओळखायला शिकणाऱ्या यंत्रांचा जगभरातला नेहमीचा धडा म्हणजे एम्निस्ट हा ७०,००० हस्तलिखित आकड्यांचा संग्रह. ते लिहिले अमेरिकेच्या जनगणना खात्यातल्या कर्मचाऱ्यांनी आणि तिथल्या शाळकरी मुलांनी. त्यांचा नऊ आणि नानांचा एक अगदी जुळे भाऊ. त्यामुळे ११०० ची थकबाकी ९९०० वाचली गेली. ट्रेझररना हे सॉफ्टवेअर अचूक वाटलं. "व्याज धरून काढलं असणार," ते म्हणाले.

शेवटी नानांनाच गाठलं. त्यांनी वही हातभर लांब धरली, जवळ आणली, खिडकीशी नेली आणि म्हणाले, "सर्वानुमते मंजूर." दुसरं पान दाखवलं. "सर्वानुमते मंजूर." पान कुठलंही असो.

मी त्यांना इतिहास सांगून पाहिला. १९९३ साली ॲपलनं न्यूटन नावाचा हातात धरायचा कॉम्प्युटर काढला, हस्ताक्षर वाचण्यावरून त्याची जाहीर टिंगल झाली. पुढे पाम कंपनीनं ग्राफिटी ही लिहिण्याची पद्धत आणली, तिथे शिकायचं ते माणसानं : यंत्राला पचतील अशी, बहुतेक एकाच फटक्यात काढायची अक्षरं. आणि लोक मुकाट्यानं शिकले. "तर नाना, निदान थकबाकीची पानं तुम्ही सुटी सुटी, नीट अक्षरात उतरवून दिलीत तर..."

"अरे, मग ते मशीन कशाला?" नाना म्हणाले. "ते पान तर तुलाही वाचता येईल."

थकबाकी मीच हातानं दुरुस्त करून नोटीस बोर्डावर लावली : तिघे, प्रत्येकी ११००. मशीननं टाईप केलेला मूळ कागद मात्र तोवर कुणीतरी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता. त्या तिघांपैकी दोघे त्या जुन्या सभेनंतर यथावकाश गेलेच, तेव्हा सॉफ्टवेअर अगदीच चुकलं असं म्हणवत नाही. तिसरे म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे काका. ते संध्याकाळी धडधाकट पायांनी जिना चढून आमच्याकडे आले.

"मी पैसे भरलेत. ही पावती."

पावती नानांच्या अक्षरात. "त्या तुझ्या मशीनला दाखव, ते खोटं नाही बोलणार." दाखवली. मशीननं वाचलं : ९९०० रुपये मिळाले.

काकांनी चष्मा लावून स्क्रीन नीट पाहिला. "बघ," ते म्हणाले, "माझे ८८०० जास्त गेलेत. व्याज सोडतो. मुद्दल कधी देताय?"