मी कुणाची लाईट तोडत नाही, मी ब्लाऊज शिवते!

सांगून सांगून घसा बसला, म्हणून आता लिहिते. बेळगावात शहापूरला माझं शिलाईचं दुकान आहे. वीज खात्याशी माझा संबंध महिन्याचं बिल भरण्यापुरता. पण कुणीतरी माझा नंबर दाखवून लोकांना 'लाईट तोडतो' म्हणून फोन करतंय, लुबाडतंय, आणि उलटे फोन येतात मला.

गेल्या मंगळवारी अस्तर कापत होते, तेवढ्यात फोन. पलीकडून थेट कन्नडमधून भडिमार. "यार्री नीवु? लाईट कट माडतीनि अंद्री?" म्हणजे कोण तुम्ही, लाईट तोडते म्हणालात? मी म्हटलं, "नानल्लरी!", मी नव्हे हो! त्याला पटेना. पटणार तरी कसं, त्याच्या मोबाईलवर माझाच नंबर उमटलेला. मग चिकोडी, गोकाक, निपाणी. गडहिंग्लजचे एक आजोबा शिव्यासुद्धा न देता म्हणाले, "बाई, म्हाताऱ्याला लुबाडून काय मिळालं गा तुला?" त्या दिवशी कात्री हातातच राहिली. आणि रात्री अकराला बाईचा आवाज ऐकून पुन्हा पुन्हा फोन लावणारे पुरुष, त्यांच्याबद्दल न लिहिलेलंच बरं.

माझा फोन कुणी चोरलेला नाही, सिमकार्डही माझ्याजवळच आहे. इंटरनेटवरून फोन लावणाऱ्याला 'कुणाचा नंबर दाखवायचा' ते स्वतःच भरता येतं, आणि मधली यंत्रणा प्रत्येक वेळी पडताळून बघतेच असं नाही. कापड कुठलंही घ्या, कॉलरला लेबल हवं ते शिवा. तसलं हे. परदेशातून येणारे आणि भारतातला नंबर दाखवणारे फोन अडवायची यंत्रणा सरकारनं ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू केली. पहिल्या २४ तासांतच १ कोटी ३५ लाख फोन अडवले म्हणे. छान! माझ्या नावावरचे मग कुठल्या बोळातून आले?

कायदा नाही असंही नाही. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात नंबराशी छेडछाड केली तर तीन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एवढं वाचून मोठ्या ऐटीत ठाण्यात गेले. पहिला प्रश्न, "तुमचे पैसे गेले का?" नाही गेले. "मग तक्रार कसली?" अहो, अब्रू गेली की! वर अर्ज कन्नडमधून लिहून आणायचा. तो शेजारच्या मुलीकडून लिहून घेतला, दिला, पोच मागितली तर साहेब जेवायला गेलेले. सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर, तिथं फोन लावला, तिथंही आधी किती रुपये गेले तेच. मोबाईल कंपनीच्या मदतक्रमांकावर कन्नडचं बटण आहे, हिंदीचं आहे, मराठीचं नाही. वीस मिनिटं गाणं ऐकवून पोरगी म्हणाली, "मॅडम, नंबर बदलून घ्या." चौदा वर्षांचा नंबर! दुकानाच्या पाटीवर तोच, पिशव्यांवर तोच. बदलायचा मी का?

घरी भाचा म्हणतो, "आत्या, दुसऱ्याचा नंबर दाखवणारं अॅप असतंय की. आम्ही पण मित्रांना करतो, गंमत." पाठीत धपाटा घातला. अमेरिकेत म्हणे फसवायचा किंवा नुकसान करायचा हेतू असला तरच तो गुन्हा. म्हणजे याची गंमत तिथं सुटली असती. मला ते पटत नाही. डॉक्टरनं स्वतःच्या मोबाईलवरून बोलावं आणि पेशंटला दवाखान्याचा नंबर दिसावा, याला माझी ना नाही. तो नंबर त्यांचाच, उलट फोन केला तर दवाखान्यातच लागतो. पण दुसऱ्याचा नंबर लावलास की उलट येणारा फोन त्या दुसऱ्याला जातो रे बाबा. तुझी गंमत त्यानं ऐकून घ्यायची! हेतू काय शोधत बसता, शिव्या कुणाच्या कानात पडल्या ते बघा.

आता तर कहरच झालाय. फोन करणाऱ्याचं नाव दाखवणाऱ्या त्या अॅपवर लोकांनी मला लाल करून टाकलंय. मी फोन लावला की समोर 'फ्रॉड' असं येतं. मुलाच्या फोनवरून लावून बघितलं, अनोळखी नंबर म्हणून तोही कुणी उचलत नाही. निपाणीच्या एका नवरीचे पाच ब्लाऊज तयार आहेत. हातशिलाई झाली, लटकन लावली, बाहीचं मापही तिनं सांगितल्याप्रमाणे अर्धा इंच सैल केलं. 'घेऊन जा' सांगायला आज सकाळपासून अकरा वेळा फोन लावला. दर वेळी दोन रिंग झाल्या की कट. शेवटी तिनं मला ब्लॉकच केलं.

तिचं लग्न सोमवारी आहे.