समूहगीतात भाग घेणाऱ्यांनी बाटली घेऊन यावे

स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले आहेत, आणि आपण जर नागपुरातील एखाद्या शाळेच्या व्यवस्थापनात, पालक-शिक्षक संघात किंवा नुसत्याच हितचिंतकांच्या गोतावळ्यात असाल, तर या वर्षी आपल्या संस्थेने व्यसनांविरुद्ध काहीतरी ठोस करून दाखवावे, अशी इच्छा आपल्या मनात आलीच असेल. एमडी हे अमली द्रव्य पकडल्याच्या बातम्या वर्तमानपत्रात येत असतात, पालक चिंतेत असतात, आणि चिंतेतल्या पालकांना भाषणापेक्षा यंत्र दाखवलेले अधिक आवडते. म्हणून माझा आपणांस नम्र सल्ला असा आहे की, शाळेच्या कोणत्याही उपक्रमात भाग घेऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींची नावे चिठ्ठ्यांवर लिहावीत, त्या एका डब्यात टाकाव्यात आणि ज्याची चिठ्ठी निघेल त्याच्या लघवीची तपासणी त्याच दिवशी, पूर्वसूचनेशिवाय करावी. कबड्डी, लेझीम, समूहगीत, विज्ञान प्रदर्शन, वक्तृत्व, स्काऊट-गाइड, यांपैकी कशालाही अपवाद करू नये.

उपक्रमांत भाग घेणारीच मुले का, असा प्रश्न एखादा तरुण शिक्षक विचारील. त्याला शांतपणे सांगावे की, जी मुले शाळा सुटल्यावरही मैदानावर घाम गाळतात किंवा बाईंच्या हार्मोनियमपुढे बसून काळी दोनच्या पट्टीशी झटापट करतात, ती आपल्याला जागेवर सापडतात. जी मुले मधल्या सुटीत भिंत ओलांडून फुटाळा तलावाच्या काठावर जातात आणि कशातच भाग घेत नाहीत, त्यांना आधी शोधावे लागेल, मग त्यांच्याशी बोलावे लागेल, आणि बोलायचे म्हटले की वेळ जातो. शिवाय तपासणीच्या धास्तीने एखाद्या मुलाने कबड्डी सोडलीच, तर तोही भिंतीपलीकडच्या मंडळीत सामील होईल आणि शाळेच्या आकडेवारीतून आपोआप बाहेर पडेल. आकडेवारी सुधारण्याचा याहून स्वस्त मार्ग माझ्या तरी पाहण्यात नाही.

या विद्येचे माहेरघर अमेरिका आहे. ऑरेगॉन राज्यातील व्हर्नोनिया या गावी सातवीतल्या एका मुलाला शाळेच्या फुटबॉल संघात खेळायचे होते, पण त्याच्या आईवडिलांनी तपासणीच्या संमतिपत्रावर सही करण्यास नकार दिला. प्रकरण तेथील सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९५ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी शाळा जिंकली. खेळाडू एकमेकांसमोर कपडे बदलतातच, तेव्हा त्यांनी खासगीपणाची फार अपेक्षा धरू नये, असा त्या निकालातील एक मुद्दा होता. पुढे २००२ मध्ये ओक्लाहोमा राज्यातील टेकमसे येथील शाळेचे प्रकरण आले. तिने तपासणीचा नियम खेळांपुरता न ठेवता गायनवृंद, बँड आणि बौद्धिक स्पर्धांचा संघ यांनाही लावला होता. तोही पाच विरुद्ध चार मतांनी टिकला. विरोधी मत लिहिणाऱ्या न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी काटे-चमचे हाताबाहेर जाण्याची, गुरे उधळण्याची आणि बँडमधले कर्णे एकमेकांवर आदळण्याची भयानक चित्रे रंगवून या नियमाची थट्टा केली. ज्या मुलांना व्यसनाचा धोका मुळात कमी, नेमकी तीच यात धरली जातात, असेही त्यांनी सांगून ठेवले. आपण त्यातील थट्टा तेवढी गांभीर्याने घ्यावी. नागपुरात तान्हा पोळा असतो, आणि चाकांचा लाकडी नंदी ओढणारा मुलगा शुद्धीवर नसेल तर काय अनर्थ होईल, याचा विचार अमेरिकेत कोणी केलेला नाही.

मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००३ मध्ये सुमारे ७६,००० विद्यार्थ्यांची माहिती पडताळून, तपासणी करणाऱ्या आणि न करणाऱ्या शाळांमधील नशेच्या प्रमाणात जवळजवळ फरक नसल्याचे दाखवले. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचाही शाळांतील अशा तपासणीला विरोध आहे. हे पालकसभेत सांगत बसू नये. सभा तशीही लांबते.

आता प्रत्यक्ष कार्यपद्धती. टेकमसेच्या नियमाप्रमाणे शिक्षकाने स्वच्छतागृहाच्या बंद दाराबाहेर उभे राहून, आतून लघवीचा स्वाभाविक आवाज येतो आहे की नाही, हे कान देऊन ऐकायचे असे. आपल्याकडे या कामी प्रथम दाराला कडी बसवावी लागेल, कारण दार लागतच नसेल तर बाहेर उभे राहण्यात काही अर्थ उरत नाही. नळ गळत असल्यास आवाजाचा घोटाळा होईल, परंतु नळदुरुस्ती या योजनेत बसत नाही. ऐकण्याची जबाबदारी कोणावर सोपवावी, याबाबत संगीत शिक्षकांचे नाव पुढे येणे साहजिक आहे. माझी शिफारस मात्र वेगळी आहे. ज्या सरांच्या गालात पहिल्या तासापासून खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचे मिश्रण, असतो, त्यांनाच हे काम द्यावे. तोंड भरलेले असल्यामुळे ते बोलू शकत नाहीत, आणि ऐकण्याच्या कामाला इतका एकाग्र माणूस दुसरा मिळणार नाही.

बाटलीवर तापमानाची पट्टी असते. नमुना ताजा असेल तर तो साधारण ३२ ते ३८ अंश सेल्सिअस भरला पाहिजे. त्याहून थंड असल्यास मुलाने त्यात नळाचे पाणी घातले असावे, असा संशय घ्यायचा. ही पट्टी बनवणाऱ्याने नागपूरचा उन्हाळा पाहिलेला नाही. मार्चच्या अखेरीस गच्चीवरच्या टाकीतून दुपारी जे पाणी येते, ते या कसोटीत प्रथम श्रेणीत उत्तीर्ण होईल, आणि एप्रिलमध्ये तर पाण्याला तापाची गोळी द्यावी लागेल. तेव्हा तपासण्या हिवाळ्यात उरकून घ्याव्यात. उन्हाळ्यात मुलांची लघवी आणि टाकीचे पाणी यांत भेद करणे आपल्या समितीच्या कुवतीबाहेरचे आहे.

यंत्र कोणते घ्यावे? बाजारात पाच पदार्थ ओळखणारी साधी पट्टी मिळते, ती उत्तम. गांजा, अफूवर्गीय द्रव्ये, कोकेन, अँफेटामिन आणि फेनसायक्लिडीन हे ते पाच पदार्थ. यांतील शेवटच्याचे नाव नागपुरातल्या औषध दुकानदारालाही दोनदा विचारावे लागेल, पण पट्टीवर असलेले बरे, रुबाब दिसतो. ज्या एमडीच्या बातम्यांमुळे आपण हा खटाटोप मांडला, ते मेफेड्रोन या साध्या पट्टीला सहसा ओळखता येत नाही. पंक्चर जोडण्याचे सोल्यूशन किंवा व्हाइटनर हुंगल्याचेही तिला कळत नाही. आता योगायोग पाहा. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात, हुंगण्याच्या पदार्थांचे सेवन १० ते १७ वयोगटातील मुलांत १.१७ टक्के, तर प्रौढांत ०.५८ टक्के आढळले, आणि मुले मोठ्यांच्या पुढे असलेला पदार्थांचा हा एकमेव गट होता. म्हणजे मुलांनी ज्यात आघाडी घेतली आहे ते आपल्या पट्टीला दिसत नाही, आणि जे दिसते त्यात ती मागे आहेत. त्यामुळे बहुतेक अहवाल चांगले येतील, याची आपण खात्री बाळगावी.

काही अहवाल मात्र उगाचच वाईट येतील, त्याचीही तयारी ठेवावी. खसखशीत अफूच्या बोंडातले मॉर्फीन अंशमात्र असते, आणि ती भरपूर खाल्ल्यास तपासणीत अफूचा संशय येऊ शकतो. अमेरिकेत कर्मचाऱ्यांच्या तपासणीत हा गोंधळ इतका झाला की, १९९८ मध्ये तेथील सरकारने अफूवर्गीय द्रव्यांची मर्यादा मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅमवरून २,००० वर नेली. त्यांनी पावावरची चिमूटभर खसखस पाहिली होती. ज्या शहरात सावजीच्या रश्शात खसखस वाटून पडते आणि दिवाळीचा अनारसा खसखशीवर थापल्याशिवाय तुपात जात नाही, तेथे दिवाळीच्या सुटीनंतरच्या पहिल्या सोमवारी स्वस्त पट्टी घेऊन उभे राहावे. समूहगीताची अख्खी पहिली रांग हाती लागण्याची आशा आहे. खोकल्याचे कोडीनयुक्त औषध घेणारी मुले वेगळी. दुसऱ्या प्रयोगशाळेत अधिक नेमकी तपासणी करून खात्री करून घेता येते, हे खरे आहे. पण त्याला पैसे आणि दिवस लागतात, आणि संशयाला दोन्ही लागत नाहीत.

येथे थोडे गणित. शाळेत १,००० मुले आहेत, त्यांतील दहा खरोखर नशा करतात, आणि आपली पट्टी दोन्ही बाजूंनी ९५ टक्के अचूक आहे, असे धरून चालू. दहांपैकी नऊ-दहा सापडतील. उरलेल्या ९९० निर्दोष मुलांपैकी पाच टक्के, म्हणजे पन्नासेक मुलेही सापडतील. एकूण साठ मुले रांगेत उभी राहतील आणि त्यांतील पन्नासांनी काहीच केलेले नसेल. गणिताच्या सरांना हे दाखवू नये. वार्षिक अहवालात ‘साठ विद्यार्थी वेळीच वाचवले’ असे लिहावे.

जी मुले सुटतात, त्यांच्या घरी ‘निगेटिव्ह’ असा कागद जाईल. महाल भागातल्या एखाद्या वाड्यात आजी तो चष्मा लावून वाचील आणि नातू नापास झाला असे समजून रडायला बसेल. शेजारीही तोवर जमलेले असतील. याला इलाज नाही.

कायद्याची फार काळजी करू नये. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठापुढे खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला आहे; पण मुलांना कोण सांगणार? मुलांमधील व्यसनाबाबत याच न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये सरकारला सर्वेक्षण करण्यास, राष्ट्रीय योजना आखण्यास आणि अभ्यासक्रमात हा विषय आणण्यास सांगितले. एखादा पालक फारच चिवट निघाला, तर उच्च न्यायालयाचे खंडपीठ सिव्हिल लाइन्समध्येच आहे, ऑटोने जाता येते, एवढे लक्षात ठेवून त्याच्या मुलाची चिठ्ठी डब्यात टाकू नये.

आता एक सक्त ताकीद. काही दंतवैद्य आपल्याला एक दुसरी तपासणी सुचवतील, तिला बळी पडू नये. मुलाला तोंड उघडायला सांगायचे आणि त्याचीच तीन बोटे उभी एकावर एक ठेवून दातांमध्ये जातात का, हे पाहायचे. जात नसतील तर सुपारीने गालांच्या आतले अस्तर कडक होऊ लागले असावे, असा संशय घ्यायचा. सबम्यूकस फायब्रोसिस या नावाने ओळखला जाणारा हा विकार पुढे कर्करोगाकडेही वळू शकतो. या तपासणीला बाटली लागत नाही, दार लागत नाही, पैसा लागत नाही, आणि मुलाला लाजही वाटत नाही. पण तिचा दोष असा की, ती वर्गात सगळ्यांसमोर होते, आणि मुले चौकस असतात. कोणीतरी पाचवीतले पोर उठून म्हणेल, “सर, तुमची जातात का तीन बोटं?” त्या क्षणी योजनेचा सगळा डोलारा कोसळेल. मी स्वतः एका शाळेत व्यसनमुक्तीवरील वक्तृत्व स्पर्धेचा परीक्षक होतो. शेजारच्या परीक्षकांनी खर्ऱ्याची पन्नी गुणपत्रिकेखाली सरकवून एका मुलीला ‘विषयाची उत्तम जाण’ या सदरात दहापैकी नऊ गुण दिले. एक गुण का कापला, ते त्यांना विचारता आले नाही. ते बोलण्याच्या स्थितीत नव्हते.

खर्रा आपल्या यादीत नसावाच. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटून होणाऱ्या या पदार्थाला नशा म्हटले, तर निम्मी पालकसभा उठून जाईल. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, आणि २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या ७७ व्या कलमाप्रमाणे मुलाला तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे शिक्षा देणाऱ्याला आहे, घेणाऱ्या मुलाला नाही. आपली योजना नेमकी याच्या उलट दिशेने चालते, यातच तिचे वेगळेपण आहे. निकोटिन ओळखणारी पट्टीही बाजारात मिळते; ती चुकूनसुद्धा मागवू नये, कारण नमुने कमी पडल्यास शिक्षकांचेही घ्यावेत असे कोणाच्या तरी डोक्यात येईल.

राहता राहिला फाटकासमोरचा पानठेला. शाळेपासून १०० यार्डांच्या आत, म्हणजे सुमारे ९१ मीटरवर, तंबाखूची विक्री करता येत नाही, आणि त्यासाठी रस्त्यावर पिवळी रेघ मारायची असते. ती आपण मारलीच असेल. तिच्यावर आता पिंकांचे लाल ठिपके पडून ती शोधावी लागत असेल, तर पाहुणे येण्यापूर्वी पुन्हा रंगवून घ्यावी. उद्घाटनाच्या दिवशी ठेला रेघेच्या पलीकडे न्यायचा आहे. ठेल्याला चाके असतात, त्यामुळे अवघड काही नाही, फक्त लोटायला चार दांडगी मुले लागतात. कबड्डीच्या संघातली पाठवावीत. त्यांचे अहवाल कालच निगेटिव्ह आले आहेत, आणि ठेलेवाला त्यांना नावानिशी ओळखतो.