मुंबई–लंडन आठ तासांत का होत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मुंबई–लंडन अंतर ७,२०० किलोमीटर, विमानाचा वेग ताशी ९००, म्हणजे आठ तास, असं मी लिहिलं होतं. त्यावर विसंबून तुम्ही आईंच्या इन्सुलिनची वेळ ठरवलीत आणि प्रत्यक्षात त्या जवळजवळ दहा तास विमानात होत्या. "नकाशावर मोजलं तर अंतरही ७,४०० भरतं, म्हणजे तुमचं सगळंच चूक," असं तुम्ही म्हणता.

वेळेची चूक माझीच. अंतराला वेगाने भागायलाच नको होतं. तो हिशेब लेखातून काढला आहे. आईंची तब्येत आता कशी आहे, ते जरूर कळवा.

अंतराबाबत मात्र मी ठाम आहे. तुम्ही मोजलंत बरोबर, पण रेष वेगळी आहे. सपाट नकाशावर पट्टी ठेवून ओढलेली रेष अर्ध्या वाटेवर सीरियात येते. घरात पृथ्वीचा गोल असेल तर मुंबईपासून लंडनपर्यंत दोरा ताणून बघा. तो अर्ध्या वाटेवर जॉर्जियातल्या तिबिलिसीजवळ दिसेल, सीरियाच्या कितीतरी उत्तरेला. गोलावरची सर्वांत जवळची वाट तीच, आणि ती ७,२०० किलोमीटरचीच.

पण विमानाला त्या दोऱ्यावरून जाता येत नाही. दोरा बलुचिस्तान, इराण करत पुढे युक्रेनवरून जातो. युक्रेनची हवाई हद्द फेब्रुवारी २०२२मध्ये नागरी विमानांना बंद झाली आणि एप्रिल २०२५मध्ये पाकिस्ताननेही भारतीय कंपन्यांच्या विमानांना मनाई केली. मग वळसा आलाच. त्यात दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेला जोराचा वारा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. लंडनला जाताना तो समोरून येतो, परतताना पाठीशी असतो, म्हणून येताना बहुतेक वेळा कमी तास लागतात. हा वारा किती मोलाचा, ते दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को मार्गावर दिसलं. एअर इंडियाने २०१६मध्ये तिकडे जाताना अटलांटिकऐवजी पूर्वेकडची पॅसिफिकची वाट धरली, म्हणजे वारा पाठीशी आला. अंतर सुमारे १,४०० किलोमीटरने वाढलं आणि वेळ उलट कमी झाला! मला ही गोष्ट अजूनही फार आवडते.

आता तुमच्या कामाचं. तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात. उन्हाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, हिवाळ्यात साडेपाच. दोन्ही वेळा भारतीय वेळेत करून वजाबाकी केली की खरा प्रवास कळतो, धावपट्टीपर्यंत जायचा वेळही त्यात धरलेला असतो. तेवढे तास डॉक्टरांना सांगा आणि इन्सुलिनची वेळ त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. विमान उशिरा सुटलं तर काय करायचं, तेही आधीच विचारून ठेवा.

आईंच्या परतीच्या विमानाचा क्रमांक कळवलात तर ते गेल्या आठवडाभरात रोज किती वेळात पोचलं ते बघून मी इथेच लिहितो.