‘१४ किलोच्या सायकलीला ६३ किलोंचं बिल’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

सायकल उशिरा पोचली आणि गिअरचा हँगर (मागचा गिअर फ्रेमला जिथे अडकतो तो छोटा तुकडा) वाकलेला निघाला, तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल मनापासून क्षमस्व.

पण तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय, ‘१४ किलोच्या सायकलीला ६३ किलोंचं बिल, सरळ लूट आहे.’ हे फार लागलं. आमचं बुकिंग काउंटर घरचीच माणसं चालवतात आणि नवीन गिऱ्हाईक आधी रिव्ह्यू बघतं, म्हणून सविस्तर लिहितो.

कुरिअरमध्ये काट्यावरचं वजन आणि आकारमानाचं वजन, यांत जे जास्त भरेल त्याचं बिल होतं. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचं, की किलो निघतात. सायकल कितीही हलकी असो, गाडीत जागा अख्ख्या खोक्याची अडते. तुमचा बॉक्स १४० बाय ८० बाय २८, म्हणजे ६२.७२ किलो. टेप तुमच्यासमोर लावली, मापं पावतीवर लिहिली आणि खाली तुमची सही आहे.

आता २८ का झाले, तर दोन्ही पॅडल तशीच होती आणि हँडल नुसतं वळवलेलं होतं. काउंटरवरच्या मुलाने तुम्हाला विनंती केली होती, की पॅडल काढतो, हँडल सोडवून फ्रेमला बांधतो, खोका कापून २० मध्ये बसवतो. या मापाच्या खोक्यात रुंदीच्या प्रत्येक सेंटीमीटरला सव्वादोन किलो चढतात. तुमचे जवळजवळ १८ किलो वाचले असते! डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवलं की सुटतं. बरेच जण तिथेच अडतात, म्हणून पान्हा आम्ही हाताशीच ठेवतो आणि या कामाचे पैसे घेत नाही. तुम्ही म्हणालात, ‘सील केलंय, उघडू नका, मला घाई आहे.’ आम्ही नाही उघडलं. रिव्ह्यूत यातलं काहीच आलेलं नाही, याचं वाईट वाटतं.

हँगर मुद्दाम मऊ धातूचा केलेला असतो, मार बसला तर तो वाकावा आणि फ्रेम वाचावी म्हणून. मागचा डिरेलर, म्हणजे साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, सोडवून, बबल रॅपमध्ये गुंडाळून फ्रेमच्या आतल्या बाजूला बांधला की हँगरवर भार येत नाही. सील बॉक्समध्ये ते आम्हाला दिसणार कसं? तरीही ‘उभे ठेवा’चे बाण असताना बॉक्स वाटेत आडवा पडला असावा असं वाटतं, तशी तक्रार कुरिअर कंपनीकडे केली आहे.

सायकलचं मॉडेल आणि हँगरचे फोटो पाठवा, नुकसानभरपाईच्या दाव्याचे कागद आम्ही भरून देतो. पॅकिंगबाबतही यापुढे आणखी लक्ष देऊ, मापांचा बोर्ड लावायचं मनात आहेच. तेवढा ‘लूट’ हा शब्द काढता आला तर बघा सर, ही विनंती.